काचबिंदूची गोळी : काय सोसायचं आणि काय नाही

ताई, तुमचे बाबा 69 वर्षांचे. थेंबांनी डोळ्याचा दाब उतरेना म्हणून ऑपरेशन होईपर्यंत डायमॉक्स 250 दिवसातून तीनदा दिलीय. आता हातापायांना मुंग्या येतात, जेवण जात नाही, बोलणंही कमी झालंय. गोळी बंद करू का, असं तुम्ही विचारलंय.

परस्पर बंद करू नका. दाबाने डोळ्याची नस एकदा सुकली की गेलेली नजर परत येत नाही. पण बाबांनी सगळं मुकाट्याने सोसावं असंही नाही.

ऑपरेशनआधी मीही हीच गोळी घेतली आहे. ॲसेटाझोलामाइड हे तिचं औषधी नाव. काचबिंदूसाठी ती 1954 पासून वापरात आहे. डोळ्यात पाणी तयार करणाऱ्या एका एन्झाइमला ती अडवते, म्हणून दाब उतरतो. पण तेच एन्झाइम मूत्रपिंडात आणि रक्तातही असतं, त्यामुळे परिणाम अंगभर दिसतात. भाजी निवडताना माझ्या बोटांची टोकं बधिर व्हायची, ओठांभोवती झिणझिण्या यायच्या. सोडा प्यायले तर नुसतं पाणी प्यायल्यासारखं वाटायचं आणि चहाला कळकलेल्या ताकासारखी चव यायची. लघवीला सारखं जावं लागतं, ते तर ठरलेलंच. हे त्रासदायक असलं तरी सहसा धोक्याचं नसतं. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. रात्रीचं उठणं टाळायला शेवटची गोळी थोडी आधी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

मला काळजी वाटते ती बाबांच्या गप्प बसण्याची. या गोळीने भूक मरते, वजन उतरतं, गळून गेल्यासारखं होतं आणि मनही खचतं. घरचे म्हणतात, 'वय झालं', 'ऑपरेशनची धास्ती घेतलीय'. डोळ्यांच्या डॉक्टरांना कुणी सांगत नाही, कारण याचा डोळ्याशी संबंध असेल असं वाटतच नाही. तुम्ही मात्र नक्की सांगा, आणि आधीपेक्षा किती कमी जेवतात, किती झोपतात हेही सांगा. डोस कमी करता येतो. त्याच जातीचं औषध डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड थेंबांच्या रूपातही मिळतं, ते चालेल का हेही विचारून घ्या.

सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते यातून कळतं), सोडियम आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करायची का, तेही विचारा. मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तात आम्ल साठतं. माणूस सुस्तावतो, श्वास जोरात चालतो. तसं दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखाना गाठा. पोटॅशियम उतरलं तर पायात गोळे येतात, छाती धडधडते. शहाळं, केळी चांगली खरी, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तीही विचारूनच. ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी, हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. पूर्वी मुतखडा, लिव्हरचा आजार, सल्फा औषधांची ॲलर्जी झाली असेल किंवा घरात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) असेल, तर आजच फोन करून कळवा. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि चिठ्ठी लिहिताना हा प्रश्न राहून जाऊ शकतो.

अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप येऊन घसा धरणं, कावीळ, कंबरेतून जांघेकडे जाणारी कळ, लघवीतून रक्त, किंवा अचानक लांबचं धूसर दिसणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी देऊ नका, लगेच हॉस्पिटलात न्या आणि गोळीची पट्टी बरोबर ठेवा.

बाबांना मधुमेह असेल तर अजून एक. दाब तातडीने उतरवायला कधी कधी लिंबाच्या रसातून ग्लिसरॉल पाजतात. त्याने उलटी होऊ शकते आणि रक्तातली साखरही चढते. तशी वेळ आली तर पाजण्याआधीच मधुमेहाचं सांगा.