बॅग फुल्ल! वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की ऑनलाइन गेम खेळताना डोकं सगळ्यात जास्त कशानं फिरतं. लॅग, नेट, चीटर ही उत्तरं आलीच, ती येणारच होती, पण इन्व्हेंटरीवर, म्हणजे गेममधल्या सामानाच्या बॅगेवर, एवढी पत्रं येतील असं काही वाटलं नव्हतं. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम बॅगेवर. बाकीच्यांनी राग मानू नये, पुढच्या वेळी घेतो.

प्रश्न : दादा, आम्ही चार मित्र हॉस्टेलवर एकाच सर्व्हरवर माइनक्राफ्ट खेळतो. खाणीत उतरलं की थोड्याच वेळात बॅग भरते आणि वर येऊन चेस्टमध्ये (सामानाच्या पेटीत) सामान लावण्यात इतका टाइम जातो की खेळ राहतो बाजूला. माझं म्हणणं आहे इन्व्हेंटरी सरळ डबल करावी. कंपनीला कसं लिहू म्हणजे ऐकतील? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कराड)

उत्तर : स्पष्टच सांगतो, "डबल करा" एवढंच लिहिलंस तर कोणी ढुंकून बघणार नाही, आणि खरं सांगायचं तर बघूही नये. आत्ता तुझ्याकडे वरचे २७ स्लॉट (खाने) आणि खालच्या हॉटबारचे, म्हणजे हाताशी असलेल्या ओळीचे ९, असे ३६ आहेत. ते ७२ केले तर तू जरा उशिरा वर येशील आणि तेव्हा लावायला दुप्पट सामान असेल. म्हणजे ज्या कामाचा वैताग आलाय तेच वाढवून मागतोयस.

आधी बॅग भरते कशानं ते बघ. खाली गेलास की कॉबलस्टोन, त्याच्याखाली डीपस्लेट, मग टफ, ग्रॅनाइट, डायोराइट, अँडेसाइट, ग्रॅव्हल, माती. त्यात कोळसा, कच्चं लोखंड, तांबं, सोनं, रेडस्टोन, लॅपिस आणि नशीब जोरावर असेल तर हिरे. वाटेत झोंबी, स्केलेटन, कोळी भेटले की सडकं मांस, हाडं, बाण, दोरी. एकोणीस प्रकार झाले बघ, आणि यात तुझी कुदळ, तलवार, टॉर्च, बादली, खायचं काहीच धरलेलं नाही. यातल्या प्रत्येक वस्तूचे ६४ एका स्लॉटमध्ये मावतात हे खरं, पण अँडेसाइटचे सातच तुकडे असले तरी तेही एक अख्खा स्लॉट अडवून बसतात. म्हणजे बॅग मालानं भरत नाही, व्हरायटीनं भरते. २०२१ मध्ये १.१७ आणि १.१८ हे अपडेट आले, नवीन दगड आले, तांबं आलं, जग खाली उणे ६४ च्या पातळीपर्यंत खोल गेलं आणि स्लॉट मात्र तेवढेच राहिले.

मोजांगवाल्यांना, म्हणजे माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीला, हे कळलं नव्हतं असंही नाही. बंडल नावाची पोतडी त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केली आणि ती नीट खेळात आली ऑक्टोबर २०२४ ला, १.२१.२ मध्ये. चार वर्षं! एक दोरी आणि एक चामडं, झाली पोतडी तयार, त्यात वेगवेगळ्या वस्तू मिळून ६४ टाका, जागा एकाच स्लॉटची. (एंडर पर्लसारख्या १६ च्या गठ्ठ्यानं राहणाऱ्या वस्तू आत चौपट जागा खातात, आणि एक तलवार टाकलीस तर तेवढ्यानंच ती भरते.) ऐकायला सोपं आहे, पण जरा विचार कर, कॉम्प्युटरवर माउसचं चाक फिरवून आतली वस्तू निवडता येते, मोबाइलवर चाक कुठून आणायचं, आणि टीव्हीसमोर कंट्रोलर घेऊन बसलेल्यानं काय करायचं? प्रत्येक सूचनेला हा प्रश्न लागतोच आणि सूचना देणारे नव्वद टक्के लोक तो विसरतात (हे टक्के माझ्या वैतागाचे, सर्व्हे वगैरे नाही).

दुसरं म्हणजे या खेळात जागा हे बक्षीस आहे. शल्कर बॉक्समध्ये २७ स्लॉट मिळतात आणि तो उचलला तरी आतलं सामान आतच राहतं, पण त्यासाठी एंड नावाच्या वेगळ्या जगात जाऊन ड्रॅगन मारा, पुढे एंड सिटी शोधा, तिथले शल्कर नावाचे प्राणी मारा. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून डबल बॅग दिली तर या धडपडीला अर्थ काय उरला? तेव्हा जागा मागू नकोस, लावालावीचा त्रास कमी करून माग.

इथं टेरारिया हा दुसरा गेम बघण्यासारखा आहे. त्यात एक बटण आहे, दाबलं की तुझ्या बॅगेतली प्रत्येक वस्तू आसपासच्या ज्या चेस्टमध्ये तीच वस्तू आधीपासून आहे तिथं आपोआप जाऊन पडते. दगड दगडात, लाकूड लाकडात, एकही चेस्ट न उघडता. आणि ऑल्ट धरून वस्तूवर क्लिक केलं की ती फेव्हरिट होते, मग ती जागची हलत नाही, चुकून विकलीही जात नाही. मला विचारशील तर ही दुसरी सोय पहिलीपेक्षा मोठी. कारण नुसतं "सॉर्ट" (बॅग आपोआप लावायचं) बटण मागणारे खूप असतात आणि ते मिळालं की रडणारेही तेच. एक नंबरला तलवार, दोनला कुदळ हे बोटांना पाठ झालेलं असतं. सॉर्टनं हॉटबार हलवला, अंधारातून झोंबी आला, तू सवयीनं एक दाबलंस आणि हातात भाजलेला बटाटा. खा आता.

आणि एक विरोध आधीच गृहीत धर. २०१३ ला हॉपर (वस्तू आपोआप पुढे ढकलणारा ठोकळा) आला तेव्हापासून रेडस्टोन (या खेळातली जणू वीजच) लावून आपोआप सामान वेगळं करणारं मशिन बांधणं हाच कित्येक लोकांचा खेळ आहे. तुझ्या बटणानं त्यांची मशिनं फुकट जाणार असतील तर तेच लोक तुझ्या सूचनेच्या विरोधात मत देतील. म्हणून मागणी छोटी ठेव. समजा असं लिहिलंस : "मी कॉम्प्युटरवर जावा एडिशन खेळतो. खाणीतून आल्यावर एकोणीस प्रकारच्या वस्तू आठ चेस्टमध्ये टाकतो. बाहेरून आत काय आहे दिसत नाही त्यामुळे बऱ्याचदा चुकीची चेस्ट उघडतो, बंद करतो, पुढची उघडतो. उघडलेल्या चेस्टमध्ये जे आधीपासून आहे तेवढंच माझ्या बॅगेतून एका क्लिकमध्ये जावं, हॉटबारला हात लागू नये." संपलं. चेस्ट उघडायला तुलाच चालत जावं लागतंय, म्हणजे मशिनवाल्यांच्या पोटावर पाय नाही, आणि एका बटणाचं काम असल्यामुळे टचवर, कंट्रोलरवर कुठंही बसतं. मोजांगची सूचनांसाठी अधिकृत साइट आहे, तिथं एका सूचनेत एकच कल्पना असा नियम आहे आणि आधी कोणी तेच मांडलंय का ते शोधून मग लिहायचं, मांडलं असेल तर त्यालाच मत द्यायचं. त्यामुळे "शिवाय घोडे पण सुधारा" वगैरे शेपूट जोडू नकोस.

प्रश्न : मोबाइलवर बॅटल रॉयाल (शेवटी उरेल तो जिंकतो तसला गेम) खेळतो. मारलेल्या माणसाच्या क्रेटमधून (पेटीतून) लूट उचलताना नेमकं नको ते उचललं जातं आणि तेवढ्यात कोणीतरी येऊन मला उडवतो. हे कसं सुधारता येईल? (नागपूर)

उत्तर : बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) खेळत असशील तर आधी सेटिंगमध्ये पिकअपचा भाग उघड. कुठल्या गोळ्या किती, बँडेज किती, ग्रेनेड किती ही मर्यादा तिथं स्वतः ठरवता येते, मग ऑटो पिकअप त्याच्यावर भरत बसत नाही. जी बंदूक वापरतच नाहीस तिच्या गोळ्या शून्यावर आण. हे न करता शिव्या घालणारी भरपूर पोरं पाहिलीत.

तरी एक दुखणं उरतं आणि ते सूचनेच्या लायकीचं आहे. क्रेटची यादी उघडी असते, एक वस्तू उचलली गेली की खालच्या सगळ्या एक पायरी वर सरकतात, आणि तुझं बोट स्क्रीनवर टेकेपर्यंत तिथं दुसरंच काहीतरी आलेलं असतं. तुला हवं असतं मेडकिट आणि येतं नको असलेलं स्कोप. तेव्हा "लूट सिस्टिम भंगार आहे" असं लिहू नकोस, "यादी उघडी असेपर्यंत उचललेल्या वस्तूची जागा रिकामी दिसावी, खालच्या वस्तू सरकू नयेत" असं लिही, सोबत दहा सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग. बोट कुठं पडलं ते रेकॉर्डिंगमध्ये दिसायला हवं, अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये टच दाखवायची सोय आहे ती आधी चालू कर.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. एका ऑनलाइन गेममध्ये त्याची कित्येक महिन्यांनी मिळालेली तलवार चुकून विकली गेली. तो दोन दिवस नीट जेवला नाही. कंपनीला मेल केला तर "तुम्हीच कन्फर्म केलं होतं" असं उत्तर आलं. हे बरोबर आहे का? (ठाणे)

उत्तर : ताई, गेमचं नाव मुद्दाम छापत नाही, पण कंपनीचं उत्तर मला तरी पटलं नाही. कन्फर्म केलं होतं हे खरं असेल, पण प्रत्येक फालतू वस्तू विकताना "नक्की का?" विचारलं की माणूस न वाचता "हो" दाबायला लागतो. मोठी माणसं बँकेच्या ॲपमध्ये तेच करतात, तो तर नववीतला मुलगा आहे. लोकलमधल्या घोषणेसारखं आहे ते, कानावर पडतं आणि कोणी ऐकत नाही.

चांगले गेम हे दोन तऱ्हेनं सोडवतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये दुकानदाराला विकलेल्या शेवटच्या १२ वस्तू त्याच भावात परत घेता येतात, आणि दुर्मिळ वस्तू फेकून द्यायची असेल तर नुसतं हो म्हणून चालत नाही, "डिलीट" हा शब्द टाइप करावा लागतो. म्हणजे साध्या वस्तूला काहीच अडवत नाहीत आणि भारी वस्तूला हात थांबवतात. दुसरी तऱ्हा कुलपाची, डेस्टिनी २ मध्ये वस्तू लॉक करता येते, मग ती मोडली जात नाही. तुमच्या मुलाला म्हणावं, कंपनीला पुन्हा लिही पण या वेळी तलवार परत मागू नकोस (मागून बघायला हरकत नाही, पण आशा ठेवू नकोस), विकलेलं परत घ्यायची सोय आणि लॉक माग. आणि ज्या दिवशी विकली गेली त्या दिवशी स्क्रीनवर काय काय शेजारी शेजारी होतं ते चित्र काढून पाठव. विकायचं बटण वापरायच्या बटणाला खेटून असेल तर चूक त्याची नाहीच.

आणि दोन दिवस न जेवण्याबद्दल, महिनोन्महिन्यांची मेहनत गेली की होतं तसं. "गेमच तर आहे" असं तेवढं म्हणू नका.

प्रश्न : मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. मुलीबरोबर खेळतो तेव्हा ती म्हणते "बाबा, तो जांभळा उचला" आणि मला तो निळाच दिसतो. यावर काही सूचना देता येईल का? (पुणे)

उत्तर : येईल, आणि नक्की द्या, कारण हा त्रास पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बराच जास्त असतो. त्याची जनुकं एक्स क्रोमोसोमवर आहेत आणि पुरुषाकडे तो एकच. तरीही राखाडी, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी ही किमतीची उतरंड इतक्या गेमनी उचललीय की आता तो जणू नियमच झालाय.

नुसता "कलरब्लाइंड मोड द्या" असं लिहाल तर बऱ्याचदा सगळ्या स्क्रीनवर एक फिल्टर चढवून देतात, गवत विचित्र दिसायला लागतं आणि जांभळं-निळं तसंच. त्यापेक्षा असं सांगा की रंगाबरोबर आकार द्या, म्हणजे साध्या वस्तूला एक टिंब, पुढचीला दोन, किंवा चौकटीचा आकारच वेगळा. फक्त रंगावरून माहिती देऊ नये हा वेबसाइटसाठीच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांमधलाही नियम आहे, त्याचा उल्लेख करा, डेव्हलपर मंडळींना तो माहीत असतो. फायदा तुमच्या एकट्याचा नाही, उन्हात फोन धरून खेळणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

प्रश्न : काही गेम जास्तीची जागा पैसे घेऊन विकतात. अशांना सूचना देऊन उपयोग काय? मुद्दामच त्रास देतात ना ते? (कोल्हापूर)

उत्तर : काही देतात, हो. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. पाथ ऑफ एक्झाइल हा गेम २०१३ पासून फुकट आहे आणि स्टॅश टॅब (सामान ठेवायची जादा जागा) विकणं हा त्यांचा उघड धंदा आहे. बॅग बारा बाय पाचची, म्हणजे ६० चौकोन, आणि चिलखत एकटंच सहा चौकोन खातं. अशा कंपनीला "जागा फुकट द्या" म्हणणं म्हणजे तुमचा गल्ला मला द्या म्हणण्यासारखं. पण शोधायची चौकट सुधारा, लॉक द्या, यादी सरकू देऊ नका यात त्यांचं एक रुपयाचं नुकसान नाही, तिथं त्यांना नाही म्हणायला कारणच नसतं. तेवढं मागा. आणि ज्या गेममध्ये पैसे दिल्याशिवाय बॅग लावायचं बटणसुद्धा मिळत नाही तो काढून टाका, फोनमध्येही जागा होईल.

प्रश्न : सूचना मराठीत लिहिली तर चालेल का? (लातूर)

उत्तर : भारतातल्या टीमचा सपोर्ट असेल तर लिहून बघ, नाहीतर साध्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार वाक्यं आणि रेकॉर्डिंग. व्याकरण कोणी तपासत नाही. गेमचं व्हर्जन आणि फोनचं मॉडेल मात्र लिही.