ओळखीचं पात्र की आपली गोष्ट? कुळागरातल्या अंधाऱ्या वाटेबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यात फोंड्याजवळ तुमचं कुळागर, म्हणजे माड-सुपारी-मसाल्यांची बाग, आहे. पर्यटक मसाल्यांची झाडं बघतात, केळीच्या पानावर जेवतात आणि परत जातात. तुम्हाला तिथे संध्याकाळसाठी एक अंधारी वाट उभी करायची आहे, चालत फिरायची, दृश्यं आणि आवाज आणि हलणाऱ्या आकृत्या असलेली. थोरला भाऊ म्हणतो सिनेमातले सुपरहिरो घे, तुम्हाला स्वतःची कथा हवी आहे, आणि घरात यावरून रोज वाद चालू आहे.

मी पंचवीस वर्षं शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या) चित्ररथांची आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांची यंत्रणा करतोय, मधली काही वर्षं पार्कांसाठी फायबरची कामंही केली. तुमच्या जागी मी आपलीच गोष्ट घेईन. पण नवी गोष्ट लोकांना कळणार नाही ही तुमच्या भावाची भीती खरी आहे आणि ती मी अंगावर घेतलेली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाने नवीन कथा रचून चित्ररथ केला. नदी, तिची मुलगी, खाणीतून आलेला राक्षस असं सगळं. यंत्रणा माझी. ट्रकच्या वायपरच्या मोटरी लावून तीन आकृत्यांना बारा हालचाली दिल्या होत्या, राक्षसाच्या पापण्यासुद्धा मिटत होत्या. दोन महिने झोप नव्हती. रथ गर्दीतून निघाला आणि दोन्ही बाजूंनी एकच ऐकू येत राहिलं, ‘हें कितें रे?’ मागून कालियामर्दनाचा रथ आला. एक मोटर, फणा तेवढी डुलत होती. लोकांनी हात जोडले, पोरं खांद्यावर चढली.

आमची कथा वाईट नव्हती. रथ एका माणसाच्या समोरून जायला फार तर मिनिट लागतं. त्या मिनिटात कृष्ण कोण, कालिया कोण, बिघडलंय काय आणि पुढे काय होणार हे सगळं बघणारा घरूनच घेऊन आला होता. आमच्याबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं आणि आम्हीही त्याला काही सांगितलं नाही. ओळखीचं पात्र तुम्हाला हा सांगण्याचा वेळ वाचवून देतं. त्याची किंमत तेवढीच आहे, आणि ती कमी नाही. २०१० मध्ये ऑर्लँडोत हॅरी पॉटरचं गाव उघडलं, तिथे माणूस फाटकातून आत पाऊल ठेवतानाच भारावलेला असतो. दुकानात छडी हातात घेताना त्याला ती कशासाठी हे कुणी सांगावं लागत नाही.

पण सांगण्याचं हे काम दुसऱ्या वाटेनेही होतं. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये २०१३ साली ‘मिस्टिक मॅनर’ ही राइड उघडली. त्यामागे कुठलाही सिनेमा नाही. लॉर्ड हेन्री मिस्टिक नावाचा जगभरच्या वस्तू जमवणारा म्हातारा आणि त्याचं माकड आल्बर्ट. रांगेत उभं असताना भिंतीवरची चित्रं आणि फोटो बघून म्हातारा कसा आहे, माकड किती उचापती आहे हे कळून चुकतं. मग एका खोलीत म्हातारा नवी आणलेली संगीतपेटी दाखवतो, तिच्यात वस्तूंना जिवंत करणारी जादू आहे असं सांगतो. गाडीत बसल्यावर पहिल्याच दालनात आल्बर्ट ती पेटी उघडतो. बस, कथा सुरू. पुढे चिलखतं हलोत की मूर्ती जाग्या होवोत, सगळ्याचं कारण आपल्याला माहीत असतं, आणि शेवटी पेटी बंद व्हायला हवी हेही. भाषा न समजणारा पाहुणाही यात हरवत नाही. फ्लोरिडातली २००६ ची ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही रुळांवरची राइडही अशीच. रांग म्हणजे गिर्यारोहणाचं ऑफिस आणि यतीचं, म्हणजे हिममानवाचं, संग्रहालय, त्यामुळे वर उखडलेले रूळ दिसले की कुणी उखडले हे ओरडून सांगावं लागत नाही.

आता उलटा दाखला. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली होडीची राइड ‘स्प्लॅश माउंटन’ १९८९ मध्ये उघडली ती १९४६ च्या एका डिस्ने सिनेमावर, आणि तो सिनेमा अमेरिकेत घरी बघण्यासाठी कंपनीने कधी बाजारात आणलाच नाही. म्हणजे रांगेतल्या बहुतेक पोरांनी तो पाहिलेला नव्हता. तरी ती पिढ्यान्‌पिढ्या लाडकी राहिली, कारण ससा घर सोडतो, पकडला जातो, काटेरी झुडपात फेकला जातो आणि घरी परततो, हे होडीतच कळायचं. पुढे त्या सिनेमातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावरचा आक्षेप राइडपर्यंत पोचला, २०२३ मध्ये ती बंद झाली आणि २०२४ मध्ये तिथे दुसऱ्या सिनेमाची पात्रं आली. उसन्या पात्राबरोबर त्याचं भलंबुरंही घरात येतं, हे भावाला जरूर सांगा.

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ १९६७ पासून आहे, सिनेमा २००३ चा. म्हणजे आधी राइड, मग सिनेमा, आणि २००६ मध्ये सिनेमातला नायक परत राइडमध्ये. पण म्हणून जुनं ते सगळं स्वतंत्र होतं असं कुणी सांगितलं तर मानू नका. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं त्या दिवशीसुद्धा तिथे पीटर पॅन होताच. खोपोलीच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’ही आहे आणि नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या राजासॉरसवरची बोटीची राइडही. दोन्ही एकाच पार्कात नांदतात.

कायद्याचं थोडक्यात. परवान्याशिवाय सुपरहिरो भिंतीवर रंगवला तरी कॉपीराइट आणि ट्रेडमार्क दोन्हींचा भंग होऊ शकतो. परवाना तुमच्या आकाराच्या धंद्याला झेपणार नाही, आणि झेपला तरी प्रत्येक रंग आणि प्रत्येक चेहरा त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो. पुराणकथा सर्वांच्या आहेत, पण टीव्ही मालिकेतला मुकुट आणि पोशाख जसाच्या तसा उचलू नका.

मग तुमची गोष्ट कोणती? तुम्ही देवचाराचं, म्हणजे गावाच्या राखणदाराचं, नाव काढलंत, तिथे मी थांबलो. परराज्यातल्या पाहुण्यासाठी तो नवा आहे, पण तुमच्या वाड्यावर राखणदाराला नारळ ठेवणारी माणसं आहेत. त्याला कोपऱ्यातून उडी मारणारं भूत केलंत तर गाव दुखावेल, आणि ते बरोबरच असेल. तो रात्री काठी टेकत फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो असं आपण मानतो. मग त्याला दाखवूच नका. पुढच्या वळणावर कंदिलाचा उजेड, काठीचा आवाज, आपण पोचलो की उजेड आणखी एक वळण पुढे. तारेवरची छोटी ट्रॉली आणि एक मोटर, एवढंच काम आहे. पण आधी गावातल्या जाणत्यांना विचारा, देवस्थान समितीलाही. नको म्हणाले तर उजेडाला नाव देऊ नका.

आणि बिघडलंय काय? माझ्या मते ते तुमच्या पायाशीच आहे. झरीचं पाणी पाटातून माडांना, माडींना (सुपारीच्या झाडांना) जातं, त्यावर कुळागर जगतं. मांगरात (बागेतल्या खोपट्यात) पाहुणे जमले की तुमच्या घरातल्या कुणीतरी सांगायचं: आज पाट कोरडा पडलाय, झरीपर्यंत जाऊन बघायचंय. पाहुणा कोण, निघालाय कशाला, संपणार कुठे, तीन वाक्यांत झालं. वाटभर कोरडा पाट पायाशी ठेवा. शेवटी पाणी खरोखर सोडा, त्यांच्या पायांवरून जाऊ दे. जायफळाचा वास आणि ते गार पाणी कुठल्याही परवान्यात मिळत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. १९८४ मध्ये न्यू जर्सीच्या एका पार्कात अंधाऱ्या भुताच्या वाड्याला आग लागली आणि आठ तरुण मुलं गेली. आत फोम आणि कापड होतं, पाण्याचे फवारे नव्हते. फोम वापरू नका, बाहेर पडायच्या वाटा उजेडाच्या ठेवा, आठ-आठ जणांचे गट दोन मिनिटांच्या अंतराने सोडा. तासाला २४० माणसं होतात, तुम्हाला पुरे.

खर्च करण्याआधी मांगरात काळं कापड लावून, मोबाइलवर आवाज वाजवून, भावाच्या हातात कंदील देऊन सगळं एकदा करून बघा. कथा ठाऊक नसलेली दहा माणसं आणा, त्यात तीन मुलं हवीत. बाहेर आल्यावर प्रत्येकाला वेगळं घेऊन दोनच प्रश्न विचारा: तुम्ही कशाला गेला होता, आणि काय झालं? पाण्याचं उत्तर सात जणांनी दिलं तर लोखंडाचं काम सुरू करा. नाही दिलं तर मांगरातली ती तीन वाक्यं बदला आणि नवीन दहा माणसं आणा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या) मात्र कुठेच नको, आपल्या पहिल्याच पावसात ते फुगतं.