सेक्रेटरी आले की सेक्रेटरी आली?

इंग्रजी चित्रपट-मालिकांच्या मराठी उपशीर्षकांत ‘सेक्रेटरी’साठी सरसकट ‘सचिव’ लिहावे का आणि ती स्त्री असल्यास ‘सचिवा’ करावे का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते दोन्ही करू नये.

मराठीत ‘सचिव’ हा अधिकाराचा शब्द आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांच्या फारसी पदनामांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले, तेव्हा ‘सुरनीस’चा ‘सचिव’ झाला आणि शब्दाचे ते वजन मंत्रालयात आजही टिकून आहे. म्हणून ‘येस मिनिस्टर’ या ब्रिटिश मालिकेतल्या सर हम्फ्री या खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला ‘सचिव’ शोभते आणि मंत्र्याच्या कचेरीतल्या बर्नार्डला ‘खासगी सचिव’. बाँडपटांत मात्र वरिष्ठांच्या दालनाबाहेर बसणाऱ्या मनीपेनीला ‘सचिव’ म्हटले, तर ती खातेप्रमुखच वाटेल. तिथे ‘सेक्रेटरी’ हाच खरा मराठी शब्द. मुळात ‘चिटणीस’, म्हणजे चिठ्ठ्या लिहिणारा, या कामाला सर्वांत जवळचा होता, पण आता तो पक्षांच्या आणि संघटनांच्या पदाधिकाऱ्यांकडे गेला आहे. ‘सचिवा’ची तर गरजच नाही, कारण लिंग क्रियापदातून कळते.

त्या क्रियापदाकडे मात्र नीट पाहायला हवे. ‘सोसायटीचे सेक्रेटरी आले’ असे आपण सहज म्हणतो आणि ‘साहेबांची सेक्रेटरी आली’ हेही तितक्याच सहज म्हणतो. शब्द एकच असूनही पहिल्या वाक्यात पुरुष गृहीत धरला आहे आणि त्याला आदरार्थी बहुवचन मिळाले आहे, तर दुसऱ्यात स्त्री गृहीत धरून तिला एकवचनावर ठेवले आहे. ही सवय पडद्याने पक्की केली, असे मला वाटते. ‘पति पत्नी और वो’ (१९७८) मध्ये रंजीता यांनी साकारलेली सेक्रेटरी ही कथेच्या दृष्टीने आधी ‘वो’ आहे, तिचे काम नंतर. मंत्र्याचा ‘पीए’ म्हटले की मात्र डोळ्यांसमोर हातात फाइल धरलेला पुरुषच येतो.

इंग्रजी क्रियापदात हा भेद नसल्यामुळे तो निर्णय पूर्णपणे मराठी अनुवादकाच्या हाती राहतो. ‘द वेस्ट विंग’ या अमेरिकी मालिकेतल्या मिसेस लँडिंगहॅम राष्ट्राध्यक्षांच्या सेक्रेटरी असल्या, तरी त्यांच्या वयामुळे ‘आली’ असे लिहायला कोणाचाही हात धजावणार नाही. अवघड आहे ती जाहिरात कंपनीवरच्या ‘मॅड मेन’ या मालिकेतली पेगी ओल्सन. ती डॉन ड्रेपरची सेक्रेटरी म्हणून येते आणि जाहिरातींचा मजकूर लिहिणारी कॉपीरायटर होते. कंपनीतले इतर लोक तिच्याविषयी बोलताना ‘पेगी आली’चे ‘पेगी आल्या’ कोणत्या भागापासून करायचे, हे अनुवादकाने आधीच ठरवून ठेवावे. आणि ड्रेपरच्या तोंडी मात्र ‘आली’ शेवटपर्यंत राहू द्यावे, कारण त्यांच्या नात्यात तेच खरे वाटते.