थ्री-डी प्रिंटला सिरॅमिक कोटिंग केलं की तो तापायचा थांबतो का?

प्रश्न: घरच्या थ्री-डी प्रिंटरवर एबीएस प्लास्टिकमध्ये बाइकच्या सायलेन्सरचं गार्ड बनवलं, दोन फेऱ्यांत वाकडं झालं. गाड्यांना करतात ते सिरॅमिक कोटिंग मारलं तर टिकेल का? मित्र म्हणतो भट्टीत ग्लेझ मारून आण.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: मित्राला भट्टीपासून लांब ठेवा आधी! कपबशीचं ग्लेझ वितळायला हजार-बाराशे डिग्री लागतात आणि तुमचं एबीएस १०५ च्या आसपासच मऊ पडतं, प्रिंटिंगचं दुसरं नेहमीचं प्लास्टिक पीएलए तर ६० लाच, म्हणजे भट्टीतून ग्लेझ नाही, नुसता धूर परत येईल. गाडीवालं कोटिंग म्हणजे सिलिकाचा (वाळूत असतो तोच पदार्थ) एखाद-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा थर, पाणी घसरतं, चमक राहते, बस. सायलेन्सर तापलेलाच असतो, एवढासा थर काय अडवणार, आतलं प्लास्टिक व्हायचं तेवढं गरम होतंच.

खरं सिरॅमिक प्लास्टिकवर बसतं का? तर बसतं, गंमत म्हणजे प्लाझ्मा स्प्रेने, म्हणजे प्रचंड तापलेल्या वायूच्या झोतात पावडर वितळवून गनने फवारायची. ज्योत दहा हजार डिग्रीच्या वर, अॅल्युमिना या सिरॅमिकची (अॅल्युमिनियम ऑक्साइड) पावडर २०७२ ला वितळते, तरी प्लास्टिक वाचतं कारण थेंब इवलासा असतो, आदळला की लगेच गोठतो, गन सारखी फिरत असते आणि वरून हवेचा मारा चालू. तरी आधी ब्लास्टिंग करून, म्हणजे खरखरीत कणांचा जोरात मारा करून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि बऱ्याचदा जस्त किंवा अॅल्युमिनियमचा थर देतात, नाहीतर सिरॅमिक धरतच नाही. आणि खरी गोम पुढेच आहे, तापल्यावर एबीएस अॅल्युमिनाच्या जवळपास दहापट फुगतं, थर तेवढा फुगत नाही, मग तडे जातात आणि खपल्या निघतात.

म्हणून हे काम उष्णतेसाठी नाही, घासण्यासाठी करायचं. तुमच्या गावात तर माग आहेत, धागा जातो तिथे चिनी मातीसारखी पांढरी आयलेट, म्हणजे धागा ओवायच्या छोट्या कड्या, बघितली असतील, ती बहुतेक अॅल्युमिनाचीच, कारण पळता धागा प्लास्टिकला करवतीसारखा कापत जातो. पण खरं सांगू, तिथेही मी अख्ख्या पार्टला कोटिंग करणार नाही, ब्रॅकेट प्रिंट करून भोकात तयार आयलेट चिकटवेन, स्वस्तात काम होतं.

गार्डचं म्हणाल तर प्रिंट फेकू नका, वाकलेलं असलं तर परत एक काढा, बोल्टची भोकं जुळतात का बघा आणि तोच नमुना घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याचं बनवून घ्या.