‘तो उजव्या मेंदूचा आहे म्हणे’

“मॅडम, याचा उजवा मेंदू जोरात आहे. गणित डाव्याचं असतं ना? मग चित्रांतून शिकवणारी शाळा शोधू का?”

सहावीतल्या मुलाच्या आईने हे विचारलं तेव्हा तिच्या मांडीवर जाडजूड रंगीत फाइल होती. बोटांचे ठसे घेऊन मेंदूची ठेवण सांगणाऱ्या चाचणीचा अहवाल. साडेतीन हजार रुपये मोजलेले. वर वर्गशिक्षिका बाईंचा दुजोरा : हा हाताने करून शिकणारा आहे, फळ्यावरचं याच्या डोक्यात शिरत नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अशी फाइल माझ्याकडे अधूनमधून येतच असते. बोटांवरच्या रेषा जन्माआधीच ठरतात आणि पुढे बदलत नाहीत. मेंदू मात्र शिकता शिकता बदलत राहतो. ठशांवरून गणिताचं भविष्य सांगणं आणि कुंडली पाहणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. कुंडली निदान स्वस्तात होते.

फाइल बाजूला ठेवून मी मुलाला कागद दिला. १/२ + १/३. त्याने झटक्यात लिहिलं २/५.

“पाच तुकड्यांतले दोन म्हणजे अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त की कमी?”

“कमी.”

“मग अर्ध्यात भर घालून कमी कसं झालं?”

तो कागदाकडे बघत बसला, मग हसला. समज शाबूत होती. लसावि मात्र येत नव्हता आणि पाढे सातच्या पुढे अडखळत होते. आईला विचारलं तर कळलं, पाचवीत कावीळ झाली होती, पाच आठवडे शाळा बुडाली. चाचणीच्या अहवालात काविळीला जागाच नव्हती.

आईच्या परवानगीने बाईंना भेटले. बावीस वर्षांची नोकरी, वर्गात ५४ मुलं. त्या जरा ताठच बसल्या होत्या. “आम्हाला प्रशिक्षणात हेच शिकवलं. डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे, हातांनी शिकणारे. आता तुम्ही म्हणणार ते खोटं?”

मी आधी माझीच चूक सांगितली. दहाएक वर्षांपूर्वी शिक्षकांच्या कार्यशाळेत हेच तीन प्रकार मीही रंगवून सांगत असे. आणि आपण दोघीच फसलो असंही नाही. २०१२ मध्ये इंग्लंड आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यांत दहातल्या नऊहून अधिक जणांचा शिकण्याच्या या ‘शैलीं’वर विश्वास होता. मेंदूबद्दल कुतूहल असलेले शिक्षकच होते ते. पण मुलाच्या ‘शैली’नुसार शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

“पण चित्र काढलं की मुलांना कळतं, हे मी रोज बघते.”

ते खरंच आहे. बाईंचं निरीक्षण बरोबर होतं, त्यामागचं स्पष्टीकरण तेवढं उसनं होतं. नकाशा सगळ्यांनाच बघावा लागतो, कविता सगळ्यांनीच ऐकायला हवी. ते विषय ठरवतो, मुलाचा शिक्का नाही. डाव्या-उजव्याचंही तसंच. अपस्मारासाठी (फिट्स येण्याच्या आजारासाठी) ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला दुवा शस्त्रक्रियेने कापला होता, अशा रुग्णांवर मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी काम केलं, १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काही कामं एका बाजूला अधिक होतात हे खरं, पण धडधाकट पोरांचे दोन्ही अर्ध मिळून गणित सोडवतात.

बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मेंदूचं शास्त्र आम्हाला हवंच आहे हो. पण ५४ पोरं समोर ठेवून काय करायचं, ते सांगणारा कुणी येत नाही.”

या वाक्यावर मला निरुत्तर व्हायला झालं. मग मला ठाऊक असलेली एकच गोष्ट सांगितली, तीही बिनखर्चाची. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

ठरलं असं : तासाच्या सुरुवातीला वह्या बंद, मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न, कागदावर उत्तरं. “कच्ची पोरं घाबरतील,” बाईंनी लगेच अडवलं, आणि गुण द्यायचे नाहीत, कागद गोळाही करायचे नाहीत, हा नियम त्यांनीच घातला. माझ्या डोक्यात तो आला नव्हता.

मुलासाठी वेगळं काही नव्हतं. रोज वीस मिनिटं पाढे आणि लसावि, सलग नाही, एक दिवस सोडून जुनं पुन्हा. आईला मी एवढंच सांगितलं की शाळा बदलू नका आणि ‘उजवा मेंदू’ हा शब्द त्याच्यासमोर उच्चारू नका. तो शब्द त्याने केव्हाच उचलला होता. पहिल्या भेटीत “माझ्याच्याने गणित होत नाही, तसा रिपोर्ट आहे” असं त्याने मला शांतपणे सांगितलं होतं.

सहामाहीत त्याला ८० पैकी ४१ मिळाले. आधीच्या चाचणीत काठावर नापास होता. भूमितीत अजून घोळ आहेच.

दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. तीन प्रश्नांचा तास शेजारच्या तुकडीनेही सुरू केला होता. वर्गातला डाव्या-उजव्या मेंदूचा मोठा तक्ता मात्र अजून भिंतीवरच आहे. मुख्याध्यापक म्हणतात, गेल्याच वर्षी लॅमिनेट केलाय.