२०१३ची बोर्डो घेऊ का?

प्रश्न: लग्नाला २५ वर्षं होतायत, दादरच्या एका दुकानात फ्रान्समधल्या बोर्डो भागातली रेड वाइन डिस्काउंटमध्ये मिळतेय, २०१३ची. दुकानदार म्हणतो जुनी म्हणजे भारीच. घेऊ का?

उत्तर: आधी अभिनंदन! पण दुकानदाराचं सोडा हो, वाइन म्हणजे काय मुरांबा नाही की जितकी मुरेल तितकी चांगली. लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडली ते साल, आणि २०१३ला बोर्डोत थंडी-पावसाने वाट लावली होती, फुलोऱ्यात फळ नीट धरलं नाही आणि पुढे कुजही लागली, त्यामुळे बऱ्याच वाइन पातळ, लवकर पिऊन टाकायच्या. त्याच भागातली २०१५ किंवा २०१६ मिळाली तर डोळे झाकून, म्हणजे खिसा बघून, घ्या.

आणि साल कितीही चांगलं असलं तरी आपल्या मुंबईचा मे महिना कुणाला सोडत नाही. बाटली उजेडाला धरून बघा, वाइन मानेच्या खाली खांद्यापर्यंत उतरलीय का, बूच वर सरकून फॉइल फुगलंय का, कडेने चिकट ओघळ आहे का. यातलं काही दिसलं किंवा बाटली शोकेसमध्ये उन्हात उभी असली तर फुकट दिली तरी नको.