रिव्हेटचं डोकं वाकडं का बसतं?

प्रश्न : काका, निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत छोटं वर्कशॉप मांडलंय. व्हाइस, ड्रिल मशीन, कोळशाची शेगडी आहे, लेथ नाही. आईच्या लोखंडी कढईचे कान निखळले होते, ते 4 मि.मी.च्या लोखंडी रिव्हेटने बसवले. नुसता हातोडा वापरला. एक डोकं कललं, दुसऱ्याला चीर गेली आणि दोन्ही कान अजून खुळखुळतात. रिव्हेट मारायचं हत्यार घरी करता येईल का? की सरळ पॉप रिव्हेटची गन घेऊ?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : कढईसाठी गन नको. पॉप रिव्हेट आतून पोकळ; त्या पोकळीत तेल आणि खरकटं जाऊन बसतं. शिवाय दुकानात मागितला की बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचाच हातात पडतो आणि तो चुलीच्या आचेवर मऊ पडतो. आतून हात पोचत नाही अशा पत्र्याच्या पेटीला वगैरे गन उत्तम.

आता तुमचं खुळखुळणं. सगळे जण डोक्याच्या आकारामागे लागतात, पण खरी चूक त्याच्या आधीच झालेली असते. हावडा पूल घ्या, 1943 साली सुरू झालेला. त्याचे रिव्हेट तापवून लाल असताना ठोकलेत. गार होताना रिव्हेट आखडतो आणि पत्रे आपोआप आवळतो. तुम्ही-आम्ही गार रिव्हेट ठोकतो, त्याला ही मदत नाही. म्हणून कान आणि कढई आधी एकमेकांवर दाबून बसवायला हवेत, डोकं नंतर. तेव्हा हत्यारं दोन लागतात: एक पत्रे बसवणारं आणि दुसरं डोकं घडवणारं, म्हणजे स्नॅप.

पहिलं हत्यार दहा मिनिटांचं आहे. 12 मि.मी.च्या सळीचा बोटभर तुकडा घ्या, टोक कानशीने काटकोनात सपाट करा आणि मधोमध 4.3 मि.मी.चं भोक 12 मि.मी. खोल पाडा. रिव्हेटच्या दांड्यावर हे चढवून दोन ठोके दिले की पत्रे गच्च बसतात. भोक उथळ राहिलं तर ठोका पत्र्याऐवजी दांड्यावर पडतो, म्हणून खोलीत कंजुषी नको. याला पाणी द्यायची, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करायची, गरज नाही.

स्नॅपला मात्र सिल्व्हर स्टील, म्हणजे पाणी दिल्यावर कडक होणारं पोलाद, लागतं. 12 मि.मी. जाडीचा, 100 मि.मी. लांबीचा तुकडा पुरे. स्नॅपच्या टोकाला वाटीसारखा खळगा असतो, त्यातच रिव्हेटचं डोकं घडतं. लेथशिवाय ही वाटी करायची युक्ती अशी : बेअरिंगचा 8 मि.मी.चा छर्रा घ्या. जाड लोखंडी ठोकळ्यात छर्रा निम्म्याहून जास्त बुडेल असं खोलगट भोक पाडून त्यात तो बसवा; वर 3 मि.मी. दिसला की झालं. स्नॅपच्या टोकाला ड्रिलने मध्यभागी हलकी खूण करा, टोक शेगडीत लाल करा, सांडशीत धरून छर्ऱ्यावर सरळ उभं टेका आणि एकच दणदणीत घाव घाला. दोन-तीन हळू घाव घातलेत तर वाटी दुहेरी होते. छर्रा कडक असतो, फुटू शकतो. चष्मा लावल्याशिवाय हे करायचं नाही. मग तुकडा राखेत पुरून ठेवा, सावकाश गार झाला की कानस चालेल. वाटी अडीच मि.मी. खोल ठेवून तोंड सपाट घासा. तोंडाचा व्यास साडेसातच्या जरा आत येईल. लाकडी काडीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून चकचकीत करा, कारण वाटीतला प्रत्येक ओरखडा डोक्यावर उमटतो.

पाणी देताना फक्त वाटीकडचा 15-20 मि.मी. भाग लाल करायचा. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की त्यापुढे किंचित तापवा आणि पाण्यात उभं बुडवून वर-खाली हलवत राहा. नुसतं धरून ठेवलंत तर वाटीत वाफेचा बुडबुडा अडकतो आणि नेमकी वाटीच मऊ राहते. मग पॉलिश पेपरने स्नॅपचा दांडा घासून चमकवा आणि मागच्या बाजूने हळू तापवा. रंग पळताना दिसतील : गव्हाच्या काडाचा पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. जांभळा वाटीच्या काठाला पोचला की लगेच पाण्यात.

वरचं, ठोके खाणारं टोक मऊच हवं. अप्रेंटिस असताना मी शहाणपणा करून आख्ख्या दांड्याला पाणी दिलं होतं. तिसऱ्या ठोक्याला वरच्या काठाची कपची उडाली आणि मनगटाच्या वर घुसली. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त चिमटा आणून दिला. तो डाग अजून आहे. वापरता वापरता वरचं टोक पसरून त्याला टोपीसारखी कड फुटते, तीही वेळोवेळी घासून काढा.

खालचं डोकं झेलायला अशीच वाटी एका जड ठोकळ्यात करा. तिला डॉली म्हणतात. रुळाचा तुकडा मिळाला तर सोनंच (भंगारवाल्याकडून, पावतीनिशी!). छर्ऱ्याने वाटी करण्याइतका तो तापवता येणार नाही. ड्रिलने खळगा करून गोल ग्राइंडिंग बिटाने घासा.

रिव्हेटचा दांडा किती बाहेर ठेवायचा? पुस्तकात व्यासाच्या दीडपट, म्हणजे 4 मि.मी.ला 6. वर सांगितलेली वाटी थोडी उथळ आहे, तिला सव्वापाच-साडेपाच पुरतात. पूर्ण 6 ठेवलेत तर जादा लोखंड काठाखालून झालरीसारखं बाहेर येतं आणि कमी पडलं तर स्नॅपचा काठ कढईत रुततो. आधी भंगार पट्टीवर दोन-तीन मारून बघा आणि अर्धा-अर्धा मि.मी. कमी करत जा. तुमचं कललेलं डोकं बहुधा जादा लांबीचं आहे. लांब दांडा ठोक्याखाली वाकतो. चीर गेली ती हातोड्याच्या शंभर टिचक्यांनी. लोखंड ठोकून ठोकून कडक होतं. बॉल पीन हातोड्याच्या गोल डोक्याने चारी बाजूंनी सात-आठ ठोके देऊन दांडा पसरवा, मग स्नॅप ठेवून दोन-तीन जोरदार. बस्स.

भोक 4.2 मि.मी. पुरे, तुमचं मोठं झालं असेल तर सरळ 5 मि.मी.च्या रिव्हेटवर जा, आणि त्यासाठी वाट्या, भोकं सगळं नव्याने करा. भोकाच्या दोन्ही काठांची बर (ड्रिलने उठलेली खरखरीत धार) काढायला विसरू नका, खुळखुळण्याचं निम्मं कारण तिथेच असतं. कानाच्या कडेपासून भोकाचं केंद्र निदान 6 मि.मी. आत हवं.

प्रश्न : आजीच्या तांब्याच्या घंगाळाची कडी बसवायची आहे. तांब्याचे रिव्हेट चार ठोक्यांत दगड होतात. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रिव्हेट लाल करून पाण्यात टाका. पोलाद याने कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं. बसवताना पुन्हा कडक वाटलं तर रिव्हेट बदला, घंगाळाला आच दाखवू नका. आतली कल्हई वितळून ओघळेल. हत्यार तेच चालेल, फक्त वाटी अधिक चकचकीत हवी. आणि पुण्यातच आहात तर एकदा कसब्यात तांबट आळीत जाऊन उभे राहा. घाव कसा आणि कुठे पडतो ते अर्धा तास बघा, मग हातोडा उचला.